प्रौढ वयात गिटार शिकताना

चाळिशीच्या पुढे गिटार हातात घेणाऱ्याचा कान वर्षानुवर्षे गाणी ऐकून तयार झालेला असतो आणि हात मात्र अगदी कोरा असतो, त्यामुळे स्वतःच्या वाजवण्यातला प्रत्येक खरखरीत सूर त्याला लहान मुलापेक्षा जास्त टोचतो. ‘आता या वयात बोटे वळायची नाहीत’ असे तो पहिल्याच महिन्यात ठरवून टाकतो. मी स्वतः उशिरा शिकलो, आणि माझा अनुभव असा की या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा वाद्याच्या जुळणीत आणि बोट ठेवण्याच्या जागेत सापडते.

म्हणून सुरुवात वाद्यापासून करावी. फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या मध्यावर, स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेटचा माथा आणि सर्वांत जाड तार यांच्यातले अंतर मोजावे. ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावे. माझ्या पहिल्या गिटारवर ते जवळजवळ चार मिलिमीटर होते आणि मी दोन महिने बोटांनाच दोष देत बसलो होतो. शेवटी एका कारागिराने ब्रिजवरची, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पोटावरच्या लाकडी तुकड्यावरची पांढरी पट्टी, जी सतारीच्या घोडीचे काम करते, काढून खालच्या बाजूने घासून दिली आणि वाद्य बदलल्यासारखे वाटले. स्टीलच्या तारांचा संच घ्यायचा तर सर्वांत बारीक तार ०.०१० किंवा ०.०११ इंचाची असलेला घ्यावा. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते, पण तिची मान रुंद असते आणि तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नयेत, कारण त्यांच्या ताणाने ब्रिज उखडतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते व तारा वर उचलल्या जातात, तेव्हा गिटार भिंतीवर टांगून न ठेवता खोक्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना सुरांची नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन, अशा सहा तारा लागतात. सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक तार यांत दोन सप्तकांचे अंतर असते. तारांचे क्रमांक मात्र बारीक तारेपासून मोजतात, म्हणजे सर्वांत बारीक ती पहिली आणि सर्वांत जाड ती सहावी. तार नेहमी खालच्या सुरावरून वर चढवत आणावी, म्हणजे खुंटीतली ढील निघून जाते आणि तार लवकर उतरत नाही.

पहिली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा सुरांचा गट, ई मायनर घ्यावी. मधले बोट पाचव्या तारेवर आणि अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटच्या अगदी लगत मागे, खुंट्यांच्या बाजूला ठेवावीत. बोट फ्रेटच्या वर गेले तर सूर दबतो आणि फार मागे राहिले तर तार खरखरते. बोटांची टोके उभी हवीत, त्यासाठी डाव्या हाताची नखे कापलेली असावीत. मग सहाही तारा एकेक करून छेडाव्यात आणि जी मुकी वाटेल तिच्यावर कोणते बोट टेकले आहे ते पाहावे. आता हीच दोन बोटे जशीच्या तशी एकेक तार बारीक बाजूला सरकवून तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवली की ए मायनर होते, आणि त्यातली फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नेली की सी मेजर. या तीन कॉर्डवर पंधरा दिवस थांबायला हरकत नाही. एका मिनिटात दोन कॉर्डमधली अदलाबदल किती वेळा स्वच्छ होते ते मोजावे. तीस वेळा जमल्याशिवाय तिसरी कॉर्ड मध्ये आणू नये.

रोज वीस मिनिटे पुरतात, रविवारचे सलग दोन तास मात्र कामाचे नाहीत. बोटांची टोके दोन-चार आठवडे दुखतात आणि मग त्यांना घट्टे पडतात. मनगट किंवा कोपर दुखू लागले तर मात्र लगेच थांबून बसण्याची पद्धत तपासावी.

उजव्या हाताला ताल शिकवताना आपल्याच ठेक्यांचा आधार घ्यावा. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला अंगठ्याने जाड तार वाजवून उरलेल्या मात्रांना बोटे हलकेच खाली फिरवली की बहुतेक भावगीतांना साथ होते. केरव्याच्या आठ मात्रांत हात खाली-वर अखंड हलता ठेवावा. कॉर्ड चुकली तरी तो थांबवू नये, कारण ऐकणाऱ्याला चुकलेल्या सुरापेक्षा मोडलेला ठेका आधी जाणवतो.

एफ मेजर ही अख्खी तर्जनी आडवी दाबून धरायची कॉर्ड तिसऱ्या महिन्यापर्यंत लांबवावी आणि तोवर कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, वापरावा. घरात कोणी काळी चारमध्ये गात असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून जी मेजरच्या कॉर्ड धराव्यात, आणि पट्टी पांढरी सहा असेल तर तोच कॅपो दुसऱ्या फ्रेटवर सरकवावा. डाव्या हाताला नवे काहीच शिकावे लागत नाही.