उणे चाळीसमध्ये वायरिंग शिकताना

माझे बाबा मिरजेत एमएसईबीचे लाइनमन होते. भर पावसात खांबावर चढलेले बाबा मी लहानपणी खाली छत्री धरून बघितलेत. त्यामुळे वाईट हवेतलं काम आपल्याला नवीन नाही, असं मला मनापासून वाटायचं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन झाले, लग्नानंतर कॅनडात एडमंटनला आले, आणि आयबीईडब्ल्यू या वीज कामगारांच्या युनियनच्या लोकल ४२४ या शाखेकडून पहिल्या वर्षाची अ‍ॅप्रेंटिस म्हणून साइटवर गेले तेव्हा डिसेंबर होता. सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवायचा आणि सव्वाचारला मावळायचा. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार.

आपल्याकडून इथे येऊन या क्षेत्रात शिरणारी मुलं-मुली आता मला विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी चौकट. आल्बर्टात, म्हणजे एडमंटन ज्या प्रांतात आहे तिथे, इलेक्ट्रिशियनची अ‍ॅप्रेंटिसशिप चार वर्षांची असते. पहिल्या तिन्ही वर्षांत कामाचे किमान १,५६० तास आणि आठ आठवडे शाळा, चौथ्या वर्षी १,४४० तास आणि बारा आठवडे शाळा. पगार जर्नीमनच्या, म्हणजे पूर्ण शिकलेल्या कारागिराच्या, पगाराच्या ५० टक्क्यांपासून सुरू होतो आणि दर वर्षी दहा टक्क्यांनी चढत ८० पर्यंत जातो. शिकता शिकता घर चालतं, ही या वाटेची मोठी गोष्ट. युनियनच्या हॉलमधून कामाचा ‘कॉल’ येतो आणि तुम्ही त्या कंत्राटदाराकडे जाता. सभेत एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतात. मला पहिल्यांदा कुणी ‘सिस्टर’ म्हटलं तेव्हा इतक्या दूर आल्यावर ते फार जवळचं वाटलं.

आता थंडी. कपड्यांबद्दल सगळे सांगतील, मी एवढंच सांगते: अंगाला लागून सुती काही घालू नका. घामानं सुती कपडा भिजतो आणि काम थांबलं की तोच अंग गोठवतो. आत मेरिनो लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात बाहेर वारा अडवणारं. बूट एक माप मोठा घ्या. घट्ट बुटात दोन मोजे घातले की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. मुलींनी गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध कव्हरऑल घेऊ नये, जॅकेट आणि पँट वेगवेगळी घ्यावी. साइटवरचं संडास गरम नसतं. तिथे सगळं अंग उघडं करायला लागू नये म्हणून काही जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मीही तेच करायचे. त्यानं डोकं दुखतं, थकवा येतो आणि अंगही लवकर गार पडतं.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गच्चीवर एका पेटीत वायरी जोडत होते. जाड हातमोज्यांत बारीक स्क्रू धरता येईना, म्हणून मोजे काढले. ‘पाचच मिनिटं’ म्हणत अर्धा तास गेला. बोटं आधी ठणकत होती, मग ठणका थांबला. मला वाटलं, सवय झाली. पक्कड मागायला जर्नीमनकडे गेले तर त्यानं माझा हात बघितला. तीन बोटांची टोकं पांढरीफटक, मेणासारखी. त्यानं मला हात जॅकेटच्या आत काखेत घालायला लावले आणि सरळ ट्रेलरमध्ये नेलं. चोळायचं नाही, हीटरवर धरायचं नाही, अंगाच्या उबेनं हळूहळू येऊ द्यायचं. रक्त परत आलं तेव्हा कळ अशी उठली की मी रडले. तो म्हणाला, दुखतंय तोवर ठीक आहे, दुखायचं थांबलं की मला हाक मार.

मी हाक का मारली नव्हती? बाई, त्यात गरम देशातून आलेली, हिला झेपत नाही असं म्हणतील, ही भीती. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टुअर्डनं, म्हणजे साइटवरच्या युनियन प्रतिनिधीनं, मला ट्रेलरच्या भिंतीवरचा तक्ता दाखवला. मुळात सस्कॅचवान प्रांतात तयार झालेला हा तक्ता आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. वारा नसताना उणे ३२ ते ३४ ला एका वेळी जास्तीत जास्त ७५ मिनिटं काम, उणे ४० ते ४२ ला ३० मिनिटं, आणि उणे ४३ च्या खाली तातडीचं सोडून सगळं बंद. वारा असेल तर मर्यादा आणखी आधी येते. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे ४० ते ४७ असेल तर उघडी त्वचा पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. तो तक्ता स्वतः कायदा नाही, पण धोक्याचं काम नाकारण्याचा हक्क मात्र आल्बर्टाच्या कायद्यात आहे. स्टुअर्ड म्हणाला, ऊब घ्यायला जाणं हा कामाचाच भाग आहे, त्यासाठी कुणाची मेहेरबानी लागत नाही. युनियन म्हणजे काय, हे मला वर्गणीच्या पावतीपेक्षा त्या भिंतीपाशी जास्त कळलं.

थंडीत सामानही वेगळं वागतं. पीव्हीसी पाइप काचेसारखा तडकतो. केबल काठीसारखी ताठ होते, म्हणून रीळ रात्री उबेत ठेवायची. ड्रिलच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि गोठलेली बॅटरी कधीही चार्जरवर लावायची नाही. पेनाची शाई गोठते, पेन्सिल ठेवा. कधी इमारतीभोवती ताडपत्री बांधून आत हीटर लावतात, त्याला इथे ‘होर्डिंग’ म्हणतात. आत छान उबदार असतं, पण डोकं जड झालं, मळमळलं तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्या, ताबडतोब बाहेर या आणि बाकीच्यांनाही काढा.

१३ जानेवारी २०२४, शनिवार. थंडीची लाट होती. पुढच्याच दिवशी भोगी, मी तीळ भाजत होते. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास प्रांतातल्या सगळ्या फोनवर एकदम इशारा वाजला: वीज कमी पडते आहे, वापर कमी करा, नाहीतर भाग-भाग बंद करावे लागतील. आम्ही दिवे घालवले, शेगडीही बंद केली. काही मिनिटांतच प्रांतातली मागणी सुमारे २०० मेगावॉटनं उतरली आणि वीज गेली नाही. इथे घरं गॅसवर तापतात, पण ती गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. बाबांना फोन केला, तिकडे रविवारची सकाळ होती. ‘तिकडंपण लोडशेडिंग?’ म्हणाले. मग थोडं थांबून, ‘उद्या कुणी ना कुणी वर चढलेलं असेल. तू नीट राहा.’

पैशाचंही सांगते. हिवाळ्यात बांधकामं मंदावतात, ले-ऑफ होतो. त्यात कमीपणा काही नाही. हॉलमध्ये जाऊन बेकार यादीत नाव घाला, रोजगार विम्याचा, म्हणजे काम नसताना सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचा, अर्ज लगेच करा, आठवडा वाया घालवू नका. शाळेचे आठ आठवडेही जमलं तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. त्या काळात रोजगार विमा मिळू शकतो, आणि तुम्ही गच्चीवर नसून उबदार वर्गात ओहमचा नियम सोडवत असता. मात्र हे गणित सगळ्यांनाच सुचतं, म्हणून जागा लवकर धरा. मी पहिल्या वर्षी उशीर केला आणि मेमध्ये शाळेत बसले, बाहेर कामाचे उत्तम दिवस चाललेले असताना.

यंदा माझ्या हाताखाली पहिल्या वर्षाचा एक मुलगा आहे. दर तासाला मी त्याला विचारते: पायाची बोटं हलतात? हाताची दुखतात? तो ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणतो. मी हातमोजा काढायला लावते आणि बोटं बघते.