‘कॅप’चा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरताना या चुका टाळा

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : एवढ्या पर्सेंटाइलला पुण्यात कॉम्प्युटर मिळेल का? केवळ पर्सेंटाइलवरून, म्हणजे किती टक्के विद्यार्थी आपल्या मागे आहेत यावरून, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि कोणी ते छातीठोकपणे दिले तरी त्यावर विसंबू नये.

परीक्षेला तीन लाख विद्यार्थी बसले असतील, तर ९७ पर्सेंटाइलच्या पुढे सुमारे नऊ हजार जण असतात. चार लाख बसले असतील, तर त्याच ९७ च्या पुढे बारा हजार जण होतात. म्हणून मागील वर्षीच्या कटऑफशी पर्सेंटाइल न जुळवता राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांक जुळवावा. सीईटी कक्षाच्या कटऑफ यादीत तो पर्सेंटाइलसोबतच छापलेला असतो, पण बहुतेक पालकांची नजर कंसातल्या पर्सेंटाइलवरच खिळते. जागाही दरवर्षी कमी-अधिक होत असल्याने हा अंदाजच राहतो. मात्र तो पर्सेंटाइलवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा बराच भरवशाचा असतो.

दुसरी चूक म्हणजे त्याच यादीतील भलताच रकाना वाचणे. ‘जीओपनएच’ हा खुल्या प्रवर्गाच्या गृह विद्यापीठाच्या जागांचा रकाना असून, शेवटी ‘ओ’ असेल तर तो गृह विद्यापीठाबाहेरच्यांसाठी, ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय जागांसाठी, आणि सुरुवातीला ‘एल’ असेल तर मुलींसाठी असतो. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतात. त्यामुळे नाशिकमधून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला पुण्यातील संलग्न महाविद्यालयांत ‘एच’ लागू होतो, मुंबईत मात्र ‘ओ’. येथे एक गोष्ट हमखास निसटते. गृह विद्यापीठ घराच्या पत्त्यावरून नव्हे, तर बारावी जेथून उत्तीर्ण झाली त्या ठिकाणावरून ठरते. लातूरला राहून बारावी केलेल्या नाशिककर मुलाला पुणे विद्यापीठातील ‘एच’ रकाना लागू होत नाही. टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ पाहून खचून जाणारेही अनेक आहेत. या शुल्कमाफीच्या जागा अगदी थोड्या असतात, त्यांचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये भरायचा महाविद्यालय-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो आणि त्यांचा कटऑफ सहसा बराच वर चढतो.

सर्वांत महागात पडणारी चूक पर्यायांच्या क्रमात होते. ‘मिळण्यासारखे’ महाविद्यालय सुरक्षित म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकण्याचा सल्ला क्लासमधून, शेजारपाजारातून सर्रास दिला जातो. वास्तविक संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याचे पर्याय वरून खाली तपासतो. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप निश्चित होते आणि ती नाकारणाऱ्याला पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणून वर टाकलेले महाविद्यालयच गळ्यात पडते. क्रम लावताना आपल्याला खरोखर काय हवे, एवढेच पाहावे, शक्यता पाहू नये. शक्यतेचा विचार यादीच्या तळाशी करावा, जिथे आपल्या क्रमांकाला निश्चित मिळतील अशी काही महाविद्यालये हवीतच. फेऱ्यांचे नियम बदलू शकतात, तेव्हा चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरावा.

पुणे की नाशिक, हे ठरवताना केवळ ट्यूशन फी पाहू नये. नाशिक-पुणे अंतर दोनशे किलोमीटरच्या पुढे असल्याने वसतिगृह आणि मेस यांचा चार वर्षांचा खर्च त्यात मिळवावा लागतो. नाशिकमध्येही अंजनेरी, एकलहरे किंवा चांदवडच्या महाविद्यालयांना रोज जायचे तर बसची वेळ आणि पासचा खर्च आधी विचारून घ्यावा.

कागदपत्रांबाबत थोडक्यात : नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असल्याची खात्री करावी, आणि जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर अर्ज केल्याची पावती जपून ठेवावी. ठरलेल्या मुदतीत ते सादर झाले नाही, तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि तेव्हा कटऑफचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो.