रेनियरच्या हिमोढांवर राखेची माती वाचताना या चुका टाळा

ज्वालामुखीची माती म्हटलं की महाराष्ट्रातून आलेल्या पोरांच्या डोळ्यांसमोर काळी कपाशीची जमीन, म्हणजे रेगूर, उभी राहते. दख्खनच्या बेसाल्टवर शिकलेल्याला दुसरं काय दिसणार म्हणा. पण वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरच्या उतारांवर, हेमलॉक आणि फरच्या जंगलात जी माती आहे तिचा रेगूरशी संबंध ‘ज्वालामुखी’ या शब्दापुरताच. रेगूर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, बुटाला चिकटून पाय जड करते. ही माती यातलं काहीच करत नाही. ओंजळीत घेतली तर ओली असूनही हलकी लागते. ती खडक झिजून जागच्या जागी झालेली नाही. गेल्या दहा हजार वर्षांत वेगवेगळ्या ज्वालामुखींची राख हवेतून पडत गेली आणि थरावर थर बसले. त्याखाली हिमनदीने टाकून दिलेला दगडगोट्यांचा ढीग, म्हणजे हिमोढ.

दर उन्हाळ्यात नव्या चमूच्या नोंदवह्या माझ्याकडे येतात आणि दर उन्हाळ्यात लाल शाई त्याच त्या जागी पडते. त्यातल्या दोन चुकांवर मी तासभर बोलू शकतो. बाकीच्या एकेका ओळीच्या आहेत.

पांढरा पट्टा दिसला की ‘ई थर’ लिहून मोकळं होणं

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक हीच. थंड, ओल्या, सूचिपर्णी जंगलात पॉडझॉल माती होते, हे पुस्तकात वाचलेलं असतं. वर कुजका पाला, त्याखाली आम्लाने धुऊन निघालेला फिकट थर, त्याखाली लोह आणि सेंद्रिय द्रव्य साठलेला गडद-तांबूस थर. धुतलेल्या थराला ‘ई’ म्हणतात. पोरं खड्डा खणतात, पाल्याखाली राखाडी-पांढरा पट्टा दिसतो आणि पुस्तक आठवतं. मग पुढे कुणी बघत नाही.

रेनियरच्या बऱ्याच भागात हा पांढरा पट्टा म्हणजे ‘डब्ल्यू’ राख असते. दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर असलेल्या माउंट सेंट हेलेन्सचा १४८०च्या सुमारास मोठा उद्रेक झाला, तेव्हा ती इथे येऊन पडली. १९८०च्या उद्रेकाबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या पाचशे वर्षं आधीचा हा उद्रेक कुणाला आठवत नाही. पांढरी, जाडसर वाळूसारखी, काही सेंटिमीटर जाडीची राख. वरून पाला कुजत राहिला आणि तो पट्टा झाकला गेला.

एका चमूची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. डोंगराच्या पूर्वेकडच्या एका दरीत पाठोपाठ दोन हिमोढ आहेत. बाहेरचा जुना, आतला नवा. बाहेरच्या हिमोढावर त्यांना खड्ड्यात पांढरा पट्टा मिळाला, त्याखाली गडद तपकिरी पातळ थर आणि त्याखाली तांबूस, खडेमिश्रित थर. हुबेहूब पाठ्यपुस्तकातला पॉडझॉल. आतल्या हिमोढावर तोच चढ, तीच झाडं, पण पांढरा पट्टा नाही. झालं! त्यांनी सिद्धांत मांडला की जुन्या हिमोढावर माती ‘पिकली’ आहे, नव्यावर अजून पिकायची आहे. दोन हिमोढांच्या वयातल्या फरकावरून पॉडझॉल व्हायला किती वर्षं लागतात याचा हिशेबही केला आणि छानसा आलेख काढला.

तो आलेख बघून मी त्यांच्याच खड्ड्याशी गेलो. खुरप्याने भिंत ताजी केली, फवारणीच्या बाटलीने ओली केली आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. पांढऱ्या पट्ट्यात बुडबुड्यांच्या भोकांचे प्यूमिसचे (फेसाळ लाव्हा थिजून झालेल्या हलक्या दगडाचे) कण आणि काचेचे धारदार तुकडे. हिमनदीच्या गाळातला एकही गोटा त्यात नाही, कारण आकाशातून पडलेल्या राखेत गोटे कुठून येणार? पट्ट्याची खालची कड सुरीने कापल्यासारखी. खऱ्या ‘ई’ थराची खालची कड मुळांच्या बाजूने जिभांसारखी खाली उतरते. आणि ज्याला त्यांनी ‘साठलेल्या द्रव्याचा थर’ म्हटलं होतं, त्या गडद थरात कोळशाचे तुकडे होते, कुजलेली काटकी होती. ती १४८० सालची जमिनीची वरची बाजू होती, राखेखाली गाडली गेलेली. त्याखालचा तांबूस खडेमिश्रित थर म्हणजे रेनियरची स्वतःची ‘सी’ राख, साधारण बावीसशे वर्षांपूर्वीची. त्यातले ‘खडे’ हातात घेतले तर वजनच नाही. काही नखाने चुरडले.

थोडक्यात, तिन्ही थर वरून पडलेले किंवा गाडले गेलेले होते. झिरपून तयार झालेला एकही नव्हता. आतल्या हिमोढावर पट्टा नव्हता याचं कारण साधं: १४८० साली तिथे बर्फ होता. आलेखाचं काय झालं ते विचारू नका.

म्हणून माझी सवय सांगतो. पांढऱ्या पट्ट्याला भिंग लावल्याशिवाय मी अक्षर देत नाही. वहीत ‘पांढरा, वाळूसर, ४ सें.मी.’ एवढंच लिहितो आणि निदान तीन खड्डे झाल्यावर नाव ठेवतो. शेजारच्या खड्ड्यांत पट्टा त्याच जाडीचा, त्याच पोताचा मिळाला तर राख. इथे लबाडी अशी की दोन्हीही खरं असू शकतं: राखेच्या थराचा वरचा भाग झिरपून आणखी फिका झालेला असतो. तेव्हा दोन्ही गोष्टी लिहायच्या. फॉर्मवर एकच चौकट आहे म्हणून मातीने एकच उत्तर द्यावं, असं नसतं.

नमुना वाळवणं

‘माती सावलीत वाळवा, कुटा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा.’ माती परीक्षणाचा हा मंत्र आपल्याकडे शेतकऱ्यांनाही पाठ असतो आणि कपाशीच्या, उसाच्या शेतासाठी तो बरोबरच आहे. राखेच्या मातीला तो लावला की नमुना मेला.

ज्वालामुखी काच ओल्या हवामानात भराभर झिजते आणि तिच्यातून ॲलोफेनसारखी खनिजं तयार होतात. काही नॅनोमीटरचे पोकळ गोळे, ज्यांची धड स्फटिकरचना नसते. पाणी धरून ठेवायला यांच्यासारखं काही नाही. पण माती एकदा पूर्ण वाळली की हे कण एकमेकांना चिकटून बसतात आणि पुन्हा पाणी घातलं तरी सुटत नाहीत. मग १५ बारच्या दाबावर पाणी मोजलं, म्हणजे इतक्या दाबाखालीही माती किती पाणी धरून ठेवते ते पाहिलं, तर कमी येतं. पोत मोजायला ढवळली तर चिकणकण सुटे होत नाहीत आणि अहवालात येतं ‘वालुकामय’. जंगलात हाताला जी माती मऊसूत लागली होती, तीच कागदावर वाळू!

अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात राखेच्या मातीची वेगळी श्रेणी आहे, अँडिसॉल. ती १९९० साली आली. तिच्या काही नियमांत १५ बारचं पाणी वाळवलेल्या नमुन्यावर किती आणि न वाळवलेल्यावर किती, असे दोन्ही आकडे वेगवेगळे विचारले आहेत. हे नियम करणाऱ्यांनी हौसेने केलेलं नाही. एका प्रयोगशाळेने आमच्या एका मोसमाचे सगळे नमुने ‘नेहमीप्रमाणे’ भट्टीत टाकले होते. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘वाळवू नका’ लिहिलं होतं, पण पिशव्या उघडणारा उन्हाळी कामाचा पोरगा होता आणि त्याला संध्याकाळपर्यंत ट्रे रिकामे करायचे होते. घाईला कोण काय करणार!

तेव्हापासून प्रत्येक थराचे दोन नमुने. एक जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, दुसऱ्या पिशवीत घालून, थंड पेटीत. दुसरा वाळवायला. ओल्या पिशवीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकतो, कारण बाहेरची शाई पुसली जाते. दोन पिशव्यांनी पाठीवरचं ओझं वाढतं अशी तक्रार दरवर्षी येते. वाढतंच.

घनता ‘साधारण १.३’ धरून चालणं

राखेच्या थराची घनता बऱ्याचदा घन सेंटिमीटरला ०.९ ग्रॅमच्या खाली असते. अँडिसॉलच्या मुख्य कसोटीतली एक अट तीच आहे. ३० सें.मी.चा थर, ४ टक्के सेंद्रिय कर्ब आणि घनता ०.७ असेल, तर हेक्टरी ८४ टन कर्ब निघतो. तक्त्यातली १.३ टाकली की १५६. कर्बाच्या हिशेबावर पैसे ठरण्याच्या दिवसांत ही चूक स्वस्त नाही. त्यात नळी ठोकून नमुना काढला तर भुसभुशीत राख नळीतच दबते, आणि खालच्या हिमोढात नळी गोट्यावर आपटून वाकते. मी मापाचा लहान खड्डा करतो, आत पातळ प्लास्टिक अंथरतो, काठोकाठ मोजून पाणी ओततो आणि निघालेली माती तोलतो. गोटे वेगळे काढून त्यांचं वजन वेगळं लिहितो. वेळ लागतो, पण वाद मिटतात.

बोटांवर भलताच विश्वास ठेवणं

पोत ओळखायला माती ओली करून चोळतात तेव्हा ही माती फसवते. आधी घट्ट लागते, दाब वाढवला की एकदम साबणाच्या वडीसारखी बोटांतून सटकते आणि बोटं ओली होतात. हे सटकणं हाच गुण नोंदवायचा असतो. पोरं ‘चिकण पोयटा’ लिहून पुढे जातात.

फ्लोराइडच्या चाचणीला देववाणी मानणं

एक ग्रॅम माती, ५० मिलिलिटर सोडियम फ्लोराइडचं एक मोलर द्रावण, दोन मिनिटांनी सामू (पीएच). ९.४ च्या वर गेला तर सक्रिय ॲल्युमिनियम भरपूर, म्हणजे राखेच्या मातीचा संशय. संशयच. मातीत मुक्त चुना असला तरी सामू चढतो, आणि खऱ्या पॉडझॉलच्या खालच्या थरातही चढतो. उलट बाजूने, ‘डब्ल्यू’सारखी ताजी, न झिजलेली राख या चाचणीत मख्ख बसून राहते. म्हणजे ज्याला चाचणीने हो म्हटलं ते राख असेलच असं नाही, आणि जे डोळ्यांदेखत राख आहे त्याला चाचणी नाही म्हणू शकते. भिंग स्वस्त आहे. द्रावण प्लास्टिकच्या भांड्यात ठेवा, हातमोजे घाला आणि आम्लाच्या जवळ नेऊ नका.

उन्मळलेल्या झाडाच्या उंचवट्यावर खणणं

म्हातारं झाड वाऱ्याने पडतं तेव्हा मुळांबरोबर राख आणि हिमोढ दोन्ही उचलून उलटं-पालटं करतं. खोड कुजून जातं, शेजारी खळगा आणि उंचवटा शेकडो वर्षं राहतो. तिथल्या खड्ड्यात ‘ओ’ राख वर आणि ‘डब्ल्यू’ खाली सापडली तर भूविज्ञान उलटलेलं नसतं. (‘ओ’ म्हणजे ओरेगॉनमधल्या माझामाची पिवळट-नारिंगी, मऊ राख, सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीची. तो डोंगर कोसळून क्रेटर लेक हे सरोवर झालं.) खणण्याआधी वीस पावलं फिरून जमिनीचे चढउतार बघा.

दगडगोटे दिसले की हिमोढ म्हणणं

रेनियरवरून चिखलाचे प्रचंड लोंढेही उतरले आहेत. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीचा ओसिओला लोंढा तर प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीलगतच्या सखल भागापर्यंत पोचला. त्याचा गाळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चक्क हिमनदीचा म्हणून नोंदवला गेला होता. १९५०च्या दशकात क्रँडेल आणि वॉल्ड्रन या भूवैज्ञानिकांनी तो चिखलाचा लोंढा असल्याचं दाखवलं. इथे राखेचे थर मदतीला येतात: हा गाळ ‘ओ’च्या वर आणि सेंट हेलेन्सच्या पिवळ्या ‘वाय’ राखेच्या खाली सापडतो. मात्र एखादा थर सापडला तर तो पुरावा, सापडला नाही तर तो पुरावा नाही. हिमोढाच्या कडेवरून राख वाहून जाते आणि खालच्या खोलगट भागात जमा होते. कडेवर एकच खड्डा खणून ‘डब्ल्यू नाही, म्हणजे १४८० नंतरचा’ असं लिहिणाऱ्यांना मी खाली खोलगटात पाठवतो.

उरलेल्या भराभर. झाडाचं वय म्हणजे हिमोढाचं वय नव्हे. बर्फ हटल्यावर बी रुजायलाच बरीच वर्षं जातात. रंग ओल्या मातीचा आणि वाळल्या मातीचा वेगवेगळा लिहा. उद्यानाबाहेरच्या लाकूडतोडीच्या जंगलात ओल्या राखेवर यंत्र नेऊ नका; पहिल्या काही फेऱ्यांतच ती दबते आणि दशकानुदशकं तशीच राहते. राख आणि घट्ट हिमोढ यांच्या सांध्यावर पाणी अडून आडवं वाहतं, तेव्हा खड्ड्याच्या भिंतीतून नेमकं तिथे पाझरलं तर ‘भूजल पातळी’ लिहू नका. गिरमिटाने काढलेल्या गाभ्यावरून पातळ थर ओळखायला जाऊ नका. गिरमिटाचे दाते थर कालवून ठेवतात.

आणि रेनियर १८९९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. संशोधन परवान्याशिवाय फावडं मारायचं नाही, पायवाटेच्या कापलेल्या कडेलाही नाही. परवाना असेल तर शेवाळ आणि पाल्याची ढेकळं आधी अख्खी उचलून ताडपत्रीवर ठेवा, प्रत्येक थराची माती वेगळ्या ढिगात टाका आणि भरताना उलट्या क्रमाने भरा. सगळं एका ढिगात ओतणाऱ्याला मी पुढच्या खड्ड्यावर फक्त पाणी वाहायला लावतो.