सनीवेलमध्ये नवीन आलात? आधी रस्ता कुणाचा ते विचारा

मी सांगलीची. इथे कॅलिफोर्नियात येऊन वीस वर्षं होऊन गेली. दर उन्हाळ्यात आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन-तीन नवी मराठी बिऱ्हाडं येतात आणि साधारण तिसऱ्या महिन्यात त्यातलं कुणीतरी दार वाजवतं. "काकू, कोपऱ्यावरचा सिग्नल पोरांना रस्ता ओलांडायला वेळच देत नाही, कुणाला सांगायचं?" नाहीतर, "गाडीची काच फोडली हो. पोलिसांत गेलो तर व्हिसाला काही होईल का?" किराणा कुठे, डोसा कुठे, कुठल्या शाळेला किती गुण, हे सगळं विमानात बसण्याआधीच पाठ असतं. गाव चालवतं कोण, ते मात्र ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. त्याचे पैसे मी भरलेत, ते पुढे सांगते.

आपल्याकडे पोलीस राज्याचे आणि अग्निशमन दल महापालिकेचं. चोरी झाली म्हणून महापालिकेत कुणी जात नाही. त्यामुळे सिटी हॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणीपट्टी आणि कचरागाडी येते. इथे पोलीस गावाचेच असतात. त्यातही सनीवेलची तऱ्हा अमेरिकेत क्वचितच दिसणारी. १९५० पासून इथे पोलीस आणि फायर ही दोन खाती नाहीतच, एकच आहे: डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी. माणूसही तोच. पोलिसाचं, आग विझवण्याचं आणि प्रथमोपचाराचं, तिन्ही शिक्षण एकालाच देतात. सनीवेलमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या आणि बिल्डिंगचा अलार्म वाजला. पोलिसाची गाडी आली तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्या बाईने डिकी उघडली, आतून आग विझवायचा जाड कोट काढला, चढवला आणि वर येऊन खोकत विचारलं, "काय शिजवताय?" तेव्हापासून पोलिसांची भीती बरीच कमी झाली.

पण हे सनीवेलपुरतंच. होमस्टेड रोड ओलांडून कूपरटिनोत घर घेतलंत तर तिथे गावाचे स्वतःचे पोलीसच नाहीत. सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) शेरिफशी, म्हणजे तिच्या पोलीसप्रमुखाशी करार आहे, आगीसाठी काउंटीचं फायर खातं. सॅन होजेत पुन्हा वेगळं. म्हणून फ्रीमाँटच्या मावसभावाने काय सांगितलं ते मला सांगू नका. तुमचा पत्ता कुठल्या गावात येतो ते आधी बघा. पाकिटावरच्या गावाच्या नावावरही जाऊ नका, टपालाच्या हद्दी आणि गावाच्या हद्दी जुळतातच असं नाही.

आता रस्ते. एल कमिनो रियल गावाच्या मधोमध जातो, पण तो गावाचा नाही. तो राज्याचा ८२ क्रमांकाचा महामार्ग, राज्याच्या रस्ते खात्याच्या, कॅलट्रान्सच्या ताब्यात. लॉरेन्स एक्स्प्रेसवे आणि सेंट्रल एक्स्प्रेसवे काउंटीचे. १०१, २८०, ८५, २३७ राज्याचे, तिथे अपघात झाला तर हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे महामार्ग पोलीस, येतं. रेल्वे फाटकापाशी काही झालं तर कॅलट्रेन. उरलेल्या गल्ल्या गावाच्या. आमच्या इथला एक मुलगा लॉरेन्सवरच्या सिग्नलसाठी वर्षभर गावाला ईमेल पाठवत होता. गावाने दर वेळी नम्र उत्तर दिलं की हा रस्ता काउंटीचा आहे. त्याला वाटलं टोलवतायत. टोलवत नव्हते, खरंच तसं आहे. पहिल्या ईमेलनंतर काउंटीला लिहिलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

खड्डा, बंद पडलेला दिवा, फांदीने झाकलेली स्टॉपची पाटी, असल्या गोष्टी 'ॲक्सेस सनीवेल' या गावाच्या तक्रारीच्या ॲपवर टाका. फोटो घाला. मिळालेला नंबर जपून ठेवा. संपलं.

आपल्या लोकांची खोड अशी की ओळख काढायची. नगरसेवकाला फोन केला की वॉर्ड ऑफिसातला माणूस हलतो, ही सवय घेऊनच आपण विमानात बसतो. इथे कौन्सिल धोरण आणि बजेट ठरवतं, रोजचा कारभार नेमलेला सिटी मॅनेजर बघतो. कौन्सिलचा सभासद एखाद्या इंजिनियरला "या गल्लीत गतिरोधक टाक" असा हुकूम देऊ शकत नाही. तरी त्याला लिहा, कारण तो प्रश्न पुढे सरकवू शकतो. पूर्वी सातही सभासद अख्ख्या गावातून निवडून यायचे. २०२० साली लोकांनी मतदान करून ते बदललं. आता सहा जण आपापल्या विभागातून आणि महापौर थेट सगळ्या गावातून. तेव्हा तुमचा सभासद कोण हे शोधणं सोपं आहे. तुम्हाला मत नाही म्हणून तो ऐकणार नाही, असं समजू नका. भाडेकरू असा, एच-१बीवर असा, बोलायला मज्जाव नाही.

कौन्सिलची बैठक बहुधा मंगळवारी संध्याकाळी असते. कुणीही उठून बोलू शकतो, साधारण तीन मिनिटं. नवख्यांचा इथे पहिला अपमान होतो. आमच्या शेजारच्या एका बाईंनी शाळेजवळच्या क्रॉसिंगबद्दल छान मुद्देसूद भाषण केलं. समोरचे सात जण "धन्यवाद" म्हणून पुढच्या नावाकडे वळले. बाई घरी येऊन रडल्या. "भिंतीशी बोलल्यासारखं झालं हो." कारण साधं आहे. १९५३ चा ब्राउन ॲक्ट नावाचा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि तिच्यावर नसलेल्या विषयावर कौन्सिलला चर्चा करता येत नाही, निर्णय घेणं तर लांबच. ते गप्प बसतात ते तुम्हाला तुच्छ लेखून नव्हे, बंदी असते म्हणून. विषय पत्रिकेवर यायला हवा असेल तर खालून सुरुवात करा. रस्त्यांसाठी सायकल आणि पादचाऱ्यांची सल्लागार समिती आहे, तिच्या बैठकीला चार माणसं असली तरी खूप, आणि तिथे खरोखर ऐकतात. २०१९ मध्ये गावाने 'व्हिजन झीरो' योजना मंजूर केली आहे, अपघातातले मृत्यू आणि गंभीर इजा कमी करण्याची. तुमच्या कोपऱ्याचा प्रश्न त्या योजनेच्या भाषेत मांडलात तर कर्मचाऱ्यांना तो हाताळणं सोपं जातं. मोठं काम असेल तर 'स्टडी इश्यू', म्हणजे अभ्यासाचा विषय, म्हणून सुचवतात आणि वर्षातून एकदा कौन्सिल त्यांची क्रमवारी लावतं. वेळ लागतो. मला त्या संथपणाचा राग यायचा, अजूनही येतो. पण एकदा यादीत चढलेली गोष्ट माणूस बदलला म्हणून गायब होत नाही, हेही पाहिलंय.

आता माझी चूक. २०११ मध्ये आई आली होती. आम्ही तेव्हा जवळच्याच दुसऱ्या एका गावात राहत होतो, नाव नको. झाडाच्या मुळांनी फुटपाथची लादी चांगली चार बोटं उचललेली. आई संध्याकाळी फिरायला गेली, ठेचकाळली, मनगट मोडलं. तिचा प्रवासी विमा स्वस्तातला, ठरावीक रक्कम देणारा. हॉस्पिटलच्या बिलापुढे ती रक्कम म्हणजे दर्या में खसखस. मी त्याच आठवड्यात गावाच्या कार्यालयात फोन केला. फोनवरची बाई फार गोड बोलली, सगळं टिपून घेतलं, नंबर दिला. दोन आठवड्यांत लादी घासून सपाट केली. मला वाटलं, नोंद झाली, त्यांनी चूक मान्य केली, आता विम्याचा शेवटचा हिशेब येऊ दे, मग भरपाई मागू. तो हिशेब यायला आठ महिने गेले. मागणी पाठवली. उत्तर आलं: मुदत संपली.

कॅलिफोर्नियात गाव, काउंटी, राज्य, शाळा जिल्हा, कुठल्याही सरकारी संस्थेमुळे तुम्हाला इजा झाली किंवा सामानाचं नुकसान झालं तर सहा महिन्यांच्या आत लेखी क्लेम, म्हणजे भरपाईची मागणी, द्यावा लागतो. सहा महिने. फोन म्हणजे क्लेम नव्हे. ॲपवरची तक्रार म्हणजे क्लेम नव्हे. लादी दुरुस्त झाली म्हणजेही क्लेम नव्हे. गावाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी सिटी क्लार्ककडे, म्हणजे गावाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, फॉर्म असतो, तो भरून, तारखेची पोच घेऊन यायचं. बिलं पूर्ण आली नसली तरी द्यायचा. आणि ज्याचा रस्ता त्यालाच द्यायचा. लॉरेन्सवर लागलं आणि क्लेम गावाला दिला, तर घड्याळ काउंटीसाठी चालूच राहतं. फुटपाथ दुरुस्तीची जबाबदारी बऱ्याच गावांत समोरच्या घरमालकावरही असते, तेही तपासायचं. उशीर झाला तर वर्षाच्या आत 'उशिराचा क्लेम स्वीकारा' असा अर्ज करता येतो, पण "मला कायदा माहीत नव्हता" एवढ्यावर तो टिकत नाही. माझा नाही टिकला. क्लेम वेळेत देऊनही लेखी नकार आला, तर कोर्टात जायला त्या नकारापासून पुन्हा सहाच महिने. क्लेम दिला की पैसे मिळतात असंही नाही. पण न दिलात तर दारच बंद. मला एकोणीस हजार डॉलर खिशातून भरावे लागले, आणि आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. सहा महिने. फ्रिजवर लिहून ठेवा.

चोऱ्यांबद्दल. जून २०२४ मध्ये इथल्या पीएनजीच्या, म्हणजे पु. ना. गाडगीळांच्या, दागिन्यांच्या दुकानात वीसेक जण हातोडे घेऊन घुसले आणि काचा फोडून दागिने नेले. गाडगीळ म्हणजे आमच्या सांगलीचे. बातमी बघून मला माहेरीच चोरी झाल्यासारखं वाटलं. भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना आता तोंडपाठ आहे. लग्नाचे दागिने इथे आणूच नका, हे माझं मत. आणलेत तर बँकेचा लॉकर. घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांची भरपाई सहसा हजार-दीड हजार डॉलरवर थांबते, जास्तीसाठी दागिन्यांची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. रस्त्यावर कुणी गळ्यात खोटी माळ घालून आशीर्वाद द्यायला आलं तर मागे व्हा, तेवढ्यात खरी साखळी जाते. गाडीत लॅपटॉपची बॅग ठेवून जेवायला जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना काच शिकवते.

चोरी झाली तर रिपोर्ट कराच. चोर माहीत नसेल तर ऑनलाइनही होतो, आणि रिपोर्टच्या नंबराशिवाय विमा कंपनी पुढे बोलत नाही. व्हिसाची भीती बाळगू नका. २०१८ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्याने स्थानिक पोलिसांना तुमचा इमिग्रेशनचा दर्जा विचारायला मनाई आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना हे मी दोनदा सांगते.

आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल बोलायलाच हवं. दाराच्या कॅमेऱ्यातला फोटो, खाली "संशयास्पद माणूस, सावध!" फोटोत पार्सल घेऊन आलेला पोरगा, घरांचे नंबर बघत चाललेला. त्याचा दोष एवढाच की तो आपल्यासारखा दिसत नाही. खरंच कुणी दार फोडत असेल तर ग्रुपवर टाकून काय होणार, ९११ हा तातडीचा नंबर लावा. फोडत नसेल तर त्याला त्याचं काम करू द्या. माझ्या नवऱ्यालाही पहिल्या वर्षी संध्याकाळी चालताना कुणीतरी असंच हटकलं होतं, हे आमच्यातले लोक फार लवकर विसरतात.

९११ आधी "कुठे?" विचारतं, मग "काय?" पत्ता, जवळचा चौक तयार ठेवा. हायवेजवळून मोबाइल लावलात तर फोन हायवे पेट्रोलकडे लागू शकतो, घाबरू नका, ते जोडून देतात. इंग्रजी अडखळलं तर दुभाषा मागा. भारताचा नंबर फिरवताना चुकून लागला, ऑफिसातून तर हमखास लागतो, तर ठेवू नका. "चुकून लागला" म्हणा. ठेवलात तर ते उलट फोन करतात, कधी दारातही येतात. मन फार खचलं असेल, स्वतःचं किंवा घरच्या कुणाचं, तर ९८८ ही मदतवाहिनी.

क्रॉसिंगच्या अलीकडे वीस फुटांत गाडी लावू नका. कडेला लाल रंग नसला तरी २०२५ पासून त्याचा दंड होतो.

दिवाळीचे फटाके सनीवेलमध्ये बेकायदा आहेत, फुलबाजीसुद्धा. ढोल-ताशाचा सराव पार्किंगच्या जागेत करायचा तर आधी परवानगी काढा. शेजाऱ्याने तक्रार केली की "आमची संस्कृती" म्हणून भांडायला जाऊ नका, त्यालाही सकाळी कामावर जायचं असतं.

मंगळवारी कौन्सिलच्या बैठकीला कुणाला यायचं असेल तर सांगा. मी साडेसहाला निघते, गाडीत तीन जागा असतात. जेवून या, आपला विषय कितीला निघेल ते सांगता येत नाही.