फ्लायव्हील हलके करताय? या चुका टाळा

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला बसलेली जड चकती, जिच्यावर क्लच बसतो. जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन खाली उतरवले की प्रश्न ठरलेला: "फ्लायव्हीलचे किती किलो काढू?" अहो, किती ते नंतर. आधी कुठून काढणार ते सांगा. आणि यातून इंजिनाची ताकद रतीभर वाढत नाही, हेही आताच ऐकून ठेवा. इंजिनाचे फेरे चटकन चढतात, पाय काढला की चटकन उतरतात, एवढाच फायदा.

वजन मधून काढणे

ही चूक पाहून मी खरोखर कंटाळलोय. कड कातायची तर रिंग गिअर (कडेवरचे दातेरी कडे, ज्याला स्टार्टर फिरवतो) सांभाळावा लागतो, म्हणून मधला भाग पोखरायचा आणि काट्यावर आकडा दाखवून खूश व्हायचे. पण जडत्व, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने बदलते. हिशोबच मांडू. समजा, पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून गुणोत्तर 13.4 आहे आणि चाकाची त्रिज्या 30 सेंमी. केंद्रापासून 13 सेंमीवरचे 2 किलो काढले, तर वेग घेताना गाडी सुमारे 67 किलोने हलकी झाल्यासारखी पळते. तेच 2 किलो साडेसहा सेंमीवरून काढले, तर फक्त 17 किलोने. आणि चौथ्या गिअरमध्ये, गुणोत्तर 3.9 धरले, तर त्या 67 चे जेमतेम 6 उरतात. त्यामुळे टॉप गिअरमध्ये ओव्हरटेक करताना फरक जाणवला, असे कोणी म्हणाले की मी विषय बदलतो.

शिवाय फिरणाऱ्या चकतीवर सगळ्यात जास्त ताण मधल्या भोकाच्या कडेला येतो. म्हणजे जिथून फायदा कमी, तिथेच धोका जास्त. क्लच प्लेट जिथे घासते, त्याच्या मागचा भागही पातळ करू नका. उष्णता तोच पितो. तो पातळ झाला की फेस, म्हणजे प्लेट घासते तो पृष्ठभाग, वाकतो, त्यावर निळे डाग पडतात आणि गाडी उचलताना क्लच थरथरतो. मी मागच्या बाजूने, बाहेरच्या कडेकडूनच कातून घेतो, आणि रिंग गिअरच्या बैठकीला हात लावू देत नाही.

बिडाच्या फ्लायव्हीलशी खेळ

14 सेंमी त्रिज्येची कड 7000 आरपीएमला सेकंदाला 100 मीटरहून जास्त वेगाने फिरते, म्हणजे ताशी 365 किलोमीटरच्या पुढे. 6000 ऐवजी 7500 आरपीएम घेतले तर ताण दीडपटीहून जास्त होतो. बीड वाकून इशारा देत नाही, सरळ फुटते. बेलहाउसिंगच्या (फ्लायव्हील आणि क्लचवरच्या आवरणाच्या) पातळ अॅल्युमिनियमपलीकडे बहुतेक गाड्यांत तुमचे पाय असतात. बिडाच्या फ्लायव्हीलला भोके पाडून वजन कमी करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाडीत बसतही नाही. इंजिन जोरात फिरवायचेच असेल तर स्टीलचे फ्लायव्हील घ्या. बीडच ठेवणार असाल तर थोडेच कातायचे, आणि त्याआधी तड्यांची तपासणी.

पायरी विसरणे

काही फ्लायव्हीलवर क्लच कव्हर (स्प्रिंगने प्लेट दाबून धरणारा भाग) बसते ती पातळी आणि प्लेट घासते ती पातळी वेगळी असते; हा फरक म्हणजेच पायरी. एका ओळखीच्या माणसाने फ्लायव्हील हलके करून घेतले, आणि लेथवर चढलेच आहे तर फेसही साफ मारून घेतला. गाडी जोडली. टॉप गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की आरपीएम चढायचे, वेग मात्र तिथेच. नवी क्लच प्लेट टाकली, फरक नाही. मग तेल गळत असेल म्हणून मागचे सील बदलले. मग कव्हर. दर वेळी गिअरबॉक्स खाली. शेवटी माझ्याकडे आला तेव्हा मी डेप्थ गेज लावून मॅन्युअलशी ताडून पाहिले: फेस मूळ मापापेक्षा 1.2 मिलिमीटर खोल! फेस कातला, पण कव्हरची बैठक तशीच ठेवली. त्या जुन्या कॉइल स्प्रिंगच्या कव्हरला तेवढे दाबणे कमी मिळत होते, म्हणून पकड ढिली. बैठक तेवढीच कातली आणि प्रकरण मिटले. मोजायला दोन मिनिटे लागतात, पण घाई झालेल्या माणसाला ती कधी मिळत नाहीत. लेथवर पाठवण्याआधी पायरीचे माप कागदावर लिहून फ्लायव्हीललाच चिकटवा.

बाकीच्या, थोडक्यात

क्रँक, फ्लायव्हील आणि कव्हर एकमेकांवर कसे बसले होते, त्याच्या खुणा उतरवण्याआधीच करा.

कातल्यावर बॅलन्सिंग हवेच. "लेथवर तर गोल फिरत होते" हा पुरावा नाही. काही इंजिनांत क्रँकचा तोल फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेल्या जादा वजनावर असतो. ते काढून 'सरळ' केलेत तर बेअरिंगची वाट लागली.

रिंग गिअर बसवताना तो लाल होईपर्यंत तापवू नका, दातांचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते.

जुने बोल्ट परत वापरू नका. क्रँकची फ्लँज पुसूनच बसवा आणि डायल गेजने डगमग पाहा. फ्लँजवर अडकलेला कचऱ्याचा एक कणही कडेला डगमग होऊन दिसतो.

इग्निशन टायमिंगच्या (ठिणगी कधी पडते ते पाहायच्या) खुणा फ्लायव्हीलवर असतील तर कातण्याआधी त्यांचे ठिकाण नोंदवा.

आणि जोडल्यावर आयडल थोडे अडखळले की लगेच "फ्लायव्हील जास्त हलके झाले" म्हणून ओरडू नका. जुळे कार्बोरेटर असतील तर आधी दोन्हींची हवा सारखी करा, मग इग्निशन टायमिंग पाहा. एवढे करूनही आयडल 800 आरपीएमवर बसत नसेल, तर 1000 वर ठेवा आणि गाडी चालवा.