एकच फोटो, दोन रंग: घरासाठी मॉनिटरची जोडी घेताना या चुका टाळा

भाचीच्या हळदीचे फोटो डाव्या मॉनिटरवर उघडले तेव्हा हळद लिंबासारखी दिसत होती. तीच विंडो माउसने ओढून उजवीकडे नेली, तर आमरसासारखी. दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे, एकाच सेलमध्ये, एकाच दिवशी घेतलेले. लिंबू आणि आमरस यांच्या मधलं काहीतरी धरून मी फोटो सुधारले आणि लॅबला पाठवले. प्रिंट आल्या त्या तिसऱ्याच: मांडवातली वीज गेल्यावर काढल्यासारख्या काळपट. ताईने अल्बम पाहिला, मिटला आणि विचारलं, "चहा घेणार ना?"

त्या जोडीच्या निमित्ताने मी केलेल्या आणि नंतर मित्रांना करताना पाहिलेल्या चुका इथे मांडतोय. दिवसा ऑफिसचं काम आणि रविवारी हौसेचे फोटो, एवढीच गरज असलेल्यांसाठी. ज्यांचं पोट फोटोंवर आहे त्यांचं गणित वेगळं.

पैसे निम्मे-निम्मे वाटणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. दोन मॉनिटर म्हटलं की जुळ्यांना सारखे कपडे घ्यावेत तसे सारखेच घ्यायचे, असं डोक्यात बसलेलं असतं. पण एक्सेल, मेल आणि मीटिंग यांना रंगाशी काही देणंघेणं नाही. फोटोंना आहे. समजा २५ हजार हाताशी आहेत. साडेबारा-साडेबारा केले तर दोन मध्यम मॉनिटर येतात आणि रंगाच्या बाबतीत त्यातल्या एकावरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. तेच १७ आणि ८ असे वाटले, तर एक चांगला येतो आणि दुसरा कामापुरता. घरात जुना फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल) मॉनिटर पडून असेल तर दुसऱ्याचा खर्चही वाचतो.

चांगला म्हणजे आयपीएस पॅनलचा (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा), एसआरजीबीचे, म्हणजे वेबवर सर्रास चालणाऱ्या रंगपट्ट्याचे, रंग जवळपास पूर्ण दाखवणारा आणि शक्यतो कारखान्यातच कॅलिब्रेट होऊन, म्हणजे रंग मोजून नीट लावून, आलेला. अशा मॉनिटरच्या माहितीत 'डेल्टा ई २ पेक्षा कमी' असं लिहिलेलं असतं. हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांच्यातला फरक मोजायचं हे माप, जितकं कमी तितकं बरं. आसूसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही हे या वर्गातलं सरळ उदाहरण: २४.१ इंच, १९२० बाय १२०० पिक्सेल, १०० टक्के एसआरजीबी. फुल एचडीपेक्षा उंचीला १२० पिक्सेल जास्त मिळतात आणि फोटोच्या खाली टूलबार ठेवायला ते बरोबर कामी येतात.

आणि मग घरातला नियम एकच: रंगाचा निर्णय या मॉनिटरवर. दुसऱ्यावर फोटोंची यादी, मेल, गाणी, काहीही ठेवा. पण त्यावर फोटो कसा दिसतो हे बघायलाच जायचं नाही. मी दोन्हीकडे बघून सरासरी काढत बसलो होतो. दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर मधली वेळ धरून कोणी गाडी पकडायला निघत नाही.

एकाच मॉडेलचे दोन घेतले की रंग जुळतातच, हाही गैरसमज. मागच्या एलईडींच्या पांढऱ्यात थोडा पिवळेपणा-निळेपणा असतो आणि तो प्रत्येक नगात सारखा नसतो. माझ्या बाबतीत त्यात भर पडली पॅनलची. ते दोन्ही व्हीए, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पॅनलचे, होते. व्हीएचा काळा रंग आयपीएसपेक्षा गडद असतो, सिनेमा बघायला झकास. पण थोडं बाजूने बघितलं की सावलीचे भाग फिके होतात आणि रंग उतरतो. मी दोन मॉनिटरच्या बरोबर मध्ये बसायचो, म्हणजे दोन्ही तिरपेच दिसणार. टीएन पॅनल तर वरून-खालून बघितलं तरी रंग बदलतं. फोटोंसाठी ते फुकट मिळालं तरी नको.

मोठा दिसतो म्हणून २७ इंची फुल एचडी

दुकानात २४ आणि २७ शेजारी ठेवले की हात २७ कडेच जातो. फुल एचडीचे पिक्सेल मात्र तेवढेच राहतात, फक्त फुगतात. २४ इंचांवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, २७ वर ८२. मराठीत टाइप करणाऱ्याला हा फरक इंग्रजीवाल्यापेक्षा लवकर कळतो: रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, 'द्ध' आणि 'द्व' ओळखायला मान पुढे जाते. फोटोंचं नुकसान वेगळं. चित्र मुळातच जरा भरड दिसतं म्हणून आपण शार्पनिंग वाढवतो आणि फोनवर तोच फोटो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

२७ घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्या. तिथे इंचाला सुमारे १०९ पिक्सेल येतात. शेजारी २४ चा फुल एचडी ठेवला तर ९२ आणि १०९ यांची जोडी चालून जाते; दोन्हीवर स्केलिंग (अक्षरं-चिन्हं किती मोठी करून दाखवायची ते) १०० टक्के ठेवता येतं. ४के (३८४० बाय २१६० पिक्सेल) मात्र या जोडीत विचार करून घ्या. २७ इंचांच्या ४के वर इंचाला १६३ पिक्सेल असतात, म्हणून विंडोज १५० टक्के स्केलिंग सुचवतं, आणि विंडो एका स्क्रीनवरून दुसरीकडे ओढताना मध्येच लहान-मोठी होत राहते. काहींना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणं

'१६.७ मिलियन कलर्स', म्हणजे १ कोटी ६७ लाख रंग. ऐकायला भारदस्त. पण हा आकडा रंगांच्या छटा किती बारीक पाडल्या आहेत ते सांगतो, लाल किती लाल होऊ शकतो ते नाही. पायऱ्या जास्त आहेत म्हणून जिना उंच असतोच असं नाही. बघायचा तो आकडा एसआरजीबीचा. तो दिला नसेल आणि 'एनटीएससी ७२ टक्के' (एनटीएससी हा टीव्हीचा जुना रंगपट्टा) असं लिहिलं असेल तर हरकत नाही. ते साधारण पूर्ण एसआरजीबीच्या बरोबरीचं असतं. 'एनटीएससी ४५ टक्के' दिसलं तर पुढे चला. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीन बहुतेक याच जातीच्या असतात आणि कुंकू त्यांच्यावर विटकरी दिसतं, झेंडू मातकट, पैठणीचा राणी रंग धुवट. मग आपण सॅच्युरेशन वाढवतो. ताईच्या फोनवर तोच फोटो गेला की नवरीच्या गालावर रंगपंचमी.

उलटी चूकही होते. एसआरजीबीपेक्षा खूप रुंद रंगपट्ट्याचा मॉनिटर घेऊन त्याचं प्रोफाइल (त्याचे रंग कॉम्प्युटरला सांगणारी फाइल) लावलंच नाही, तर सगळंच भडक दिसतं आणि आपण रंग कमी करत बसतो. अशा मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड असतो, तो लावा.

'एचडीआर सपोर्ट' (खूप गडद ते खूप उजळ असा मोठा पल्ला दाखवणं) हे शब्द २५० निटच्या (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) मॉनिटरवर असतील तर त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल घेतो. दाखवायची ताकद त्याच्यात नसते. १ मिलिसेकंद आणि १०० हर्ट्‌झ हे खेळणाऱ्यांसाठी. डायनॅमिक काँट्रास्टचे कोटीतले आकडे वाचूसुद्धा नका. आणि वक्र मॉनिटरवर वाड्याची सरळ तुळई सरळ आहे की नाही हे ठरवणं जिकिरीचं जातं, एवढं सांगून पुढे जातो.

मॉनिटर आले, पण दुसरा लागेना

आधी लॅपटॉप उलटसुलट करून पोर्ट बघायचे आणि मग खरेदी करायची. आपण उलटं करतो. माझ्या एका मित्राने एचडीएमआय स्प्लिटर आणला आणि दोन्ही मॉनिटरवर तेच चित्र पाहून मॉनिटरच बिघडलाय असं ठरवलं. स्प्लिटरचं कामच ते: एका चित्राच्या दोन प्रती काढणं. दोन वेगळे डेस्कटॉप हवेत तर लॅपटॉपमधून दोन वेगळे सिग्नल निघायला हवेत. विंडोजवर, अर्थात, आधी विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडलंय ना, ते बघा.

यूएसबी-सी पोर्ट दिसलं की चित्र निघणारच, असं धरू नका. कित्येक लॅपटॉपवर ते फक्त डेटा आणि चार्जिंगचं असतं. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का, किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय, ते पाहा. मॅकवाल्यांनी तर चिपच बघावी. एम१ आणि एम२ चे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ एअर दोन चालवतो पण झाकण बंद ठेवून. एम४ एअर झाकण उघडं असतानाही. ज्या हबमधून डिस्प्लेपोर्टच्या एमएसटी पद्धतीने (एकाच केबलमधून अनेक चित्रं) दोन मॉनिटर निघतात, तो विंडोजवर दोन वेगळे डेस्कटॉप देतो, मॅकवर मात्र दोन्हीकडे एकच चित्र. अशा वेळी डिस्प्लेलिंक चिपचा डॉक हा मार्ग आहे. तो चित्र दाबून यूएसबीवरून पाठवतो, कामापुरता चांगला चालतो. फोटोंचा मॉनिटर मात्र थेट लॅपटॉपलाच जोडा आणि कामाचा डॉकवर टाका.

केबलींचंही असंच. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयच्या मॉनिटरला जाणारी साधी केबल एकाच दिशेने चालते. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट अशी स्थिती असेल तर ती निरुपयोगी. वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. स्वस्त मॉनिटरवर एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए असं असतं. व्हीजीए टाळा, अक्षरं पुसट होतात. आणि एचडीएमआय १.४ च्या जुन्या पोर्टवर ४के लावलं तर सेकंदाला ३० च फ्रेम मिळतात. माउसचा बाण ठेचकाळत चालल्यासारखा दिसतो.

रंग जुळत नाहीत, तेव्हा काय बघायचं

क्रमाने जा, नाहीतर एकाची खोड काढताना दुसरी लागते.

पहिल्यांदा विंडोजचा नाइट लाइट, म्हणजे रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय, बंद करा. मग मॉनिटरच्या मेनूतले इको, डायनॅमिक काँट्रास्ट, 'लो ब्लू लाइट' वगैरे सगळे लाड बंद. पिक्चर मोड 'यूजर' किंवा 'कस्टम'.

काळा रंग राखाडी वाटत असेल आणि सगळं चित्र धुक्यातून आल्यासारखं असेल, तर दोष बहुधा मॉनिटरचा नसतो. एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि काळ्या-पांढऱ्याची अपुरी रेंज पाठवतं. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'लिमिटेड' च्या जागी 'फुल' करा. काळ्या-लाल अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसत असेल तर तिथेच कलर फॉरमॅट आरजीबी आहे का ते बघा.

मग ब्राइटनेस. माझ्या काळपट प्रिंटांचा चोर इथे सापडला. मॉनिटर कारखान्यातून भगभगीत लावून येतो, २५०-३०० निटपर्यंत. फोटो सुधारायला ८० ते १२० पुरतात. एवढ्या उजळ स्क्रीनवर फोटो छान दिसतो म्हणून आपण तो उजळतच नाही, आणि कागद काही स्वतःहून चमकत नाही. मोजायचं यंत्र नसेल तर एक पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर कोरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेलेली वाटते. मग डोळे बसतात.

आता दोघांचा पांढरा जुळवायचा. कोरं पान ताणून दोन्ही मॉनिटरवर अर्धं-अर्धं ठेवा. चांगल्या मॉनिटरला हात लावायचा नाही. कामाच्या मॉनिटरच्या मेनूत लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. तो निळसर वाटत असेल तर निळा दोन-दोनने कमी करा. वाढवण्यापेक्षा कमी करणं बरं. काँट्रास्ट जिथे होता तिथेच राहू द्या. तंतोतंत जुळणार नाही, आणि जुळायची गरजही नाही.

खरी खात्री हवी तर कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र, लागतो, डेटाकलर किंवा कॅलिब्राइटचा. हौशी माणसाने एकट्याने घ्यायला महाग आहे. आम्ही चौघांत एक घेतला आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी हात बदलतो. सोबत डिस्प्लेकॅल हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. लक्ष्य ठेवा: गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते) २.२, पांढरा ६५०० केल्विन. दोन मॉनिटरची दोन प्रोफाइल बनतात आणि ज्याची त्याला लावायची असतात. मी पहिल्यांदा अदलाबदल केली होती.

खोलीही हिशेबात धरा. भगव्या किंवा जांभळ्या भिंतीचा रंग स्क्रीनवर आणि डोळ्यांत दोन्हीकडे उतरतो. दुपारी पश्चिमेची खिडकी उघडी आणि रात्री पिवळा बल्ब, अशाने एकच फोटो दिवसातून दोनदा सुधारावा लागतो. मुख्य मॉनिटर बरोबर समोर ठेवा, दुसरा बाजूला तिरका. दोघांची फट नाकासमोर आली की संध्याकाळपर्यंत मान बोलते. मॉनिटरचा आर्म लावायचा विचार असेल तर मागे १०० बाय १०० मिमीची व्हेसा भोकं आहेत का ते घेतानाच पाहा, आणि काचेच्या टेबलाला तो क्लॅम्प आवळू नका.

जुना घ्यावा का?

कामाच्या मॉनिटरसाठी, हो. ऑफिसांतून निघालेले मॉनिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही शहराच्या कॉम्प्युटर बाजारात मिळतात. डेलचा अल्ट्राशार्प यू२४१२एम, १९२० बाय १२०० चा आयपीएस, वय झालं तरी कामाला पक्का. फक्त दुकानात लावून अर्धा तास चालू ठेवायला सांगा. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर कोपरे पिवळे पडलेत का, पूर्ण काळ्यावर कडांतून उजेड गळतो का, ते तेवढ्यात कळतं. फोटोंचा मॉनिटर मात्र नवाच घ्या, खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि मेलेल्या पिक्सेलबद्दल बदलून देण्याचा नियम काय आहे ते पैसे देण्याआधी वाचा. एखाद-दुसऱ्या पिक्सेलसाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत. वॉरंटीचा माणूस घरी येणार की मॉनिटर आपण जिल्ह्याच्या गावी पोचवायचा, हेही विचारा.

अल्बम मी नंतर पुन्हा छापून दिला. या वेळी हळद हळदीसारखी आली. आमरसवाला मॉनिटर भाच्याने खेळायला नेला. लिंबूवाला अजून माझ्या डाव्या हाताला आहे, त्यावर फक्त मेल येते.