हापूस विकणाऱ्या छोट्या संकेतस्थळाकडे ग्राहक कसे वळवावेत

कोकणातील बऱ्याच बागायतदारांनी अलीकडे स्वतःचे संकेतस्थळ करून घेतले आहे. त्यावर बागेची छायाचित्रे असतात, 'आमच्याविषयी' असे एक पान असते, तळाशी फोन नंबर असतो, आणि तरीही हंगामातील जवळजवळ सगळी मागणी जुन्या ग्राहकांच्या फोनवरूनच येते. याचे कारण बहुधा एकच असते. बागायतदाराला जे सांगायचे आहे ते संकेतस्थळावर असते, पण ग्राहक जे विचारतो त्याचे उत्तर तेथे नसते. पुण्यातल्या ज्या माणसाने तुमच्या बागेचे नाव कधी ऐकलेले नाही, तो ते नाव गूगलवर टंकणार नाही. तो आपला प्रश्न टंकेल.

म्हणून कामाची सुरुवात संगणकापासून न करता वहीपासून करावी. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत फोनवर येणारा प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्या शब्दांत, लिहून ठेवावा. आमच्या घरच्या बागेचे संकेतस्थळ मी सांभाळतो. पहिल्या हंगामाच्या वहीत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले: पाच डझनाची पेटी म्हणजे फळ केवढे? आंबे हिरवेच आलेत, पिकणार कधी? फ्रिजमध्ये ठेवू का? हा देवगडचाच कशावरून? साका (फळाच्या आतला खराब झालेला गर) निघाला तर बदलून देता का? या प्रत्येक प्रश्नासाठी एक स्वतंत्र पान करावे आणि पानाचे शीर्षक त्या प्रश्नाच्या भाषेतच ठेवावे. 'उत्पादनविषयक माहिती' असे शीर्षक कोणी शोधत नाही. 'हापूसची पेटी घरी आल्यावर आंबे कसे पिकवावेत' हे मात्र दर एप्रिलमध्ये शोधले जाते.

अशा पानावर उत्तर पहिल्या दोन-तीन वाक्यांतच द्यावे. उदाहरणार्थ: पेटी आल्याबरोबर उघडावी, आंबे एकावर एक न रचता भाताच्या पेंढ्यावर किंवा वर्तमानपत्रावर एका थरात पसरावेत, रोज एकदा पाहून पिकलेले फळ बाजूला काढावे, आणि फळ पूर्ण पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण कच्चे फळ थंडीत गेले की नीट पिकत नाही. त्याखाली सविस्तर लिहावे, स्वतःच्या अढीचे, म्हणजे पिकण्यासाठी घातलेल्या आंब्यांचे, छायाचित्र लावावे, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशीचे तेच फळ शेजारीशेजारी दाखवावे. डझनांच्या प्रश्नालाही असेच हाताळावे. पेटी तीच असल्यामुळे डझन जितके कमी तितके फळ मोठे, ही गोष्ट व्यापाऱ्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगावी लागते हेच त्याच्या लक्षात येत नाही. शहरातला ग्राहक मात्र चार डझनांची पेटी सहा डझनांच्या पेटीइतकी महाग का, म्हणून गोंधळून जातो. प्रत्येक आकाराच्या एका फळाचे वजन काट्यावर ठेवून छायाचित्र काढले, तर पानभर स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

'देवगडचाच कशावरून' या प्रश्नाला भावनिक उत्तर देण्याचा मोह टाळावा. कोकणातील रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल, तर तो नोंदणी क्रमांक ठळकपणे छापावा. नसाल, तर मानांकनाचे चिन्ह वापरू नये आणि आधी नोंदणी करून घ्यावी. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, तेव्हा 'आम्ही कार्बाइड वापरत नाही' ही फुशारकीची गोष्ट नव्हे. तुम्ही प्रत्यक्षात फळ कसे पिकवता, ते दाखवणेच अधिक उपयोगाचे.

आता तांत्रिक बाजू. येथे एक चूक अशी असते की बाकीचे सगळे श्रम वाया जातात, आणि ती आमच्याच बाबतीत झाली. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने काम चालू असताना वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीच्या सेटिंग्जमधील 'रीडिंग' या भागात, शोधयंत्रांनी या संकेतस्थळाची नोंद घेऊ नये अशा अर्थाच्या चौकटीत खूण केली होती आणि काम संपल्यावर ती काढायची राहून गेली. एक संपूर्ण हंगाम आम्ही गूगलला दोष देत बसलो. तुमचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर ती चौकट आजच पाहावी. त्यानंतर गूगल सर्च कन्सोल या मोफत साधनात संकेतस्थळाची नोंद करावी, साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांची यादी, सादर करावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या पानाचा पत्ता तेथे तपासून ते पान गूगलच्या नोंदीत आले आहे की नाही याची खात्री करावी.

पानाच्या शीर्षकाकडे दुर्लक्ष होते, कारण ते पानावर नव्हे तर ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात दिसते. असंख्य छोट्या संकेतस्थळांच्या मुख्य पानाचे शीर्षक अजूनही नुसते 'होम' असते. त्याऐवजी 'देवगड हापूस थेट बागेतून, पुणे-मुंबईत घरपोच पेटी' असे लिहिले, तर शोधणाऱ्याला काय मिळणार हे एका ओळीत कळते. पूर्वी पानाच्या कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे शोधशब्दांची, लांबलचक यादी दडवण्याची पद्धत होती. गूगल ती यादी क्रमवारीसाठी वापरत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झाले आहे. तरीही त्या कामाचे पैसे मागणारे आजही भेटतात, त्यांना नम्रपणे नकार द्यावा.

छायाचित्रे मोबाइलवर काढलेली असतात आणि एकेक चार-पाच एमबीचे असते. गावात रेंज अर्धवट असताना असे पान उघडून पाहावे, म्हणजे ग्राहक का परत जातो ते समजेल. छायाचित्राची रुंदी बाराशे पिक्सेलच्या आसपास आणून ते वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात जतन केले, की आकार बहुधा दोनशे केबीच्या आत येतो. पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची कसोटी आहे, आणि पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर ती मोफत तपासता येते.

भाषेविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल. ग्राहकांपैकी कोणी देवनागरीत टंकतो, कोणी मोबाइलशी मराठीत बोलून शोधतो, आणि पुष्कळ जण 'हापूस आंबा' हेच शब्द रोमन लिपीत लिहितात. मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर कोंबू नये. दोन्हींची पाने वेगळ्या पत्त्यांवर असावीत आणि एकमेकांना जोडलेली असावीत. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चढवू नये, कारण 'साका', 'अढी' आणि 'मोहोर' या शब्दांचे त्यात काय होते ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा ते धाडस करत नाही. त्याचप्रमाणे पुणे, ठाणे, नाशिक अशी केवळ शहराची नावे बदलून तोच मजकूर दहा पानांवर टाकण्याची युक्ती गूगलच्या नियमांत बसत नाही. घरपोच सेवेचे एकच पान करावे आणि त्यावर कोणत्या शहरात कोणत्या वारी गाडी जाते, पेटी कोठे उतरते, उशीर झाल्यास कोणाला फोन करावा, हे नेमके लिहावे.

हंगामी व्यवसायात आणखी एक घोळ होतो. दरवर्षी दरांचे नवे पान तयार केले जाते आणि जून उजाडला की जुने काढून टाकले जाते, त्यामुळे त्या पत्त्याने वर्षभरात मिळवलेली पत शून्यावर येते. दरांच्या पानाचा पत्ता कायम ठेवावा, त्यात वर्षाचा आकडा घालू नये, पावसाळ्यात तेथे पुढील हंगामाची नावनोंदणी ठेवावी आणि नवे दर ठरताच तेच पान बदलावे. गूगल ट्रेंड्सवर हापूसचा आलेख पाहिला, तर उन्हाळ्याच्या तोंडावर शोध कसा चढतो ते दिसते. नवे पान गूगलच्या नोंदीत येऊन स्थिरावण्यास वेळ लागतो; म्हणून लिखाण मोहोराच्या दिवसांत संपवावे, पाडव्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

गूगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे आणि नकाशात दिसण्यासाठी आवश्यक आहे. बागेत ग्राहक येत नसतील, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग दाखवता येतात. हंगामाबाहेर वेळा बदलाव्यात. अभिप्राय जरूर मागावेत, मात्र त्याबदल्यात सूट किंवा भेट देऊ नये, कारण ते नियमाविरुद्ध आहे. तक्रारीच्या अभिप्रायाला वाद न घालता उत्तर द्यावे. नवा ग्राहक ते उत्तर आवर्जून वाचतो.

सर्वांत स्वस्त जाहिरात मात्र पेटीतच असते. पेटी उघडताच वरच्या पेंढ्यावर पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी दिसावी, तिच्यावर 'आंबे हिरवे आहेत? येथे पाहा' एवढेच शब्द आणि क्यूआर कोड असावा, आणि तो कोड मुख्य पानावर न नेता थेट आंबे पिकवण्याच्या पानावर न्यावा. आमच्याकडे या चिठ्ठीने फोन कमी झाले. शिवाय ते पान लोक नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवू लागले. त्यासाठी पानाला एक चांगले चित्र नेमून द्यावे, म्हणजे दुवा पाठवताना तेच चित्र दिसते.

इतर संकेतस्थळांवरून येणारे दुवे विकत घेऊ नयेत. गावातील होमस्टे, ज्या दुकानात तुमची आंबापोळी आणि कोकम आगळ विकले जाते ते दुकान, बाहेरगावचे मराठी मंडळ ज्याने एकत्रित मागणी नोंदवली, अशा खऱ्या संबंधांतून एकेक दुवा मागावा.

जूनमध्ये पाऊस लागला आणि हात मोकळे झाले, की सर्च कन्सोल उघडून बसावे. तेथे सोळा महिन्यांपर्यंतची आकडेवारी मिळते. ज्या शोधशब्दांसाठी तुमचे पान पुष्कळदा दिसले पण फारसे कोणी त्यावर आले नाही, ते शब्द वेगळे काढावेत आणि त्या पानांची शीर्षके बदलावीत. जे शब्द यादीत आहेत, पण ज्यांचे उत्तर तुमच्या कोणत्याच पानावर नाही, ते वहीत उतरवावेत. आमच्या वहीत यंदा 'आंब्याचा रस डब्यात किती दिवस टिकतो' हा प्रश्न आला आहे, आणि त्याचे पान गणपतीपूर्वी लिहून व्हायचे आहे.